दोष कारागिरीचा की हिशेबाचा?

संपादक महोदय,

लहान रायफल कारखान्यांच्या घसरत्या दर्जाबद्दलचा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यात सारा दोष कारागिरांवर टाकला आहे, तो मान्य नाही.

चेंबरची (काडतूस बसते त्या पोकळीची) खोली तपासणाऱ्या ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजांतला, म्हणजे किमान आणि कमाल मापाच्या मापकांतला, फरक बहुधा ०.१ ते ०.१५ मिमी असतो. बॅरल (नळी) बसवताना हे माप चुकले, तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद होत नाही किंवा काडतुसाचे आवरण फाटू शकते. दस्त्यातले बेडिंग (यंत्रणा टेकते ती बैठक) असमान राहिले, तर स्क्रू आवळताच अॅक्शनवर, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या मुख्य यंत्रणेवर, ताण येतो आणि नेम सरकत राहतो. हे टाळण्याची कला कारागिराकडे असते. कमी पडतो तो वेळ.

बॅरल, ट्रिगर, दस्ता वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात. एक बॅरल अडकले की बाकी सुट्या भागांत गुंतलेले पैसेही अडकतात. मग नव्या ग्राहकाच्या आगाऊ रकमेतून जुनी ऑर्डर पुरी होते, आणि घाईत पहिली कात्री चाचणीला लागते. परत आलेल्या रायफलचे बॅरल बदलताना तर उरलासुरला नफाही जातो. आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि बॅरल हाती आल्याशिवाय तारीख देऊ नये, एवढी शिस्त मालकांनी पाळायलाच हवी.

– एक वाचक