एसएमपीएसबद्दलही दोन ओळी छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नव्या ग्राफिक कार्डांची, प्रोसेसरची, रंगीबेरंगी दिव्यांच्या कीबोर्डांची माहिती येते. नातवामुळे मीही ती वाचायला लागलो. पण त्या पानावर एक शब्द मला अजून दिसलेला नाही, तो म्हणजे एसएमपीएस, कॉम्प्युटरच्या आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. म्हणून हे पत्र.

मी मिरजेचा. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागलो, महावितरणमधून निवृत्त झालो. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही. व्होल्ट-अँपिअर कळतात.

नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, खोली भाड्याची. दिवाळीत त्यानं पीसी असेंबल करून घेतला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० कार्ड, आणि गणपतीच्या आराशीला लाजवील असं काचेचं कॅबिनेट. गेम सुरू केला की दहा मिनिटांत सगळं धप्प बंद. दुकानदारानं आधी विंडोज नव्यानं टाकलं, मग रॅम बदलली, शेवटी म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल." हे नातवानं फोनवर सांगितलं आणि मी मल्टिमीटर पिशवीत टाकून पुण्याची गाडी धरली.

व्होल्टेज २३१. अगदी ठणठणीत.

मग कॅबिनेटची बाजू उघडली. एसएमपीएसच्या डब्यावर ठळक आकडा ४५०. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनपुढे १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोघंही जेवतात ते याच बारा व्होल्टच्या पंगतीत. कार्डाला १४५ वॅट लागतात, प्रोसेसर जोर लावतो तेव्हा ८८ पर्यंत जातो. झाले २३३. पंखे आणि बाकीचं सामान अजून ताटावर बसायचंच आहे. ४५० मधले उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले, जिथं आजच्या मशीनचं फारसं काही चालत नाही. त्या डब्याला कार्डासाठीची आठ पिनांची वायरसुद्धा नव्हती. दुकानदारानं दोन मोलेक्सना, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या वायरींना, कन्व्हर्टर जोडून भागवलं होतं. हात लावला तर प्लॅस्टिक गरम.

बिल पाहिलं. कॅबिनेट ४,८०० रुपये, एसएमपीएस १,१००. कॅबिनेटचं मॉडेल नावानिशी लिहिलेलं, एसएमपीएसपुढं नुसतं '४५०'. पोरानं महिनाभर यूट्यूब बघून एकेक वस्तू निवडली होती, ही तेवढी दुकानदारावर सोडली. पोराला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. '८० प्लस'चा शिक्का बघावा हे बरेच जण सांगतात, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच दाखवतो. शॉर्ट झालं तर डबा मदरबोर्डला वाचवील का, हे त्यावरून कळत नाही.

यूपीएसची गत तीच. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॅट असं समजून लोक नेतात. खोक्यावर नीट वाचलं तर बहुतेकदा ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेम चालू असताना वीज गेली तर मॉनिटरसकट हे मशीन त्याला पेलेलच असं नाही.

आणखी एक. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं नातू सहज बोलून गेला. त्याच्या मित्रांच्याही खोल्यांवर तसंच आहे म्हणे, म्हणून कुणाला विशेष वाटत नाही! एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले दोन लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. मी मोजलं तेव्हा ११२ भरलं. करंट फार थोडा, माणसाला तेवढ्यानं सहसा इजा होत नाही. पण मशीन चालू असताना मॉनिटरची केबल लावायला गेलं तर ठिणगी उडून पोर्ट जाऊ शकतो. ऐंशी-नव्वद हजारांची वस्तू अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चालली होती.

तेव्हा नव्या कार्डाची किंमत छापाल, तिच्याशेजारी ते किती वॅट खातं तेही छापा. आणि एखाद्या रविवारी एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो टाकून त्यातला बारा व्होल्टचा रकाना कसा वाचायचा, हे दाखवा. जागा फार लागणार नाही. नातवाला आता ५५० वॅटचा डबा घेऊन दिलाय, बारा व्होल्टला ४५ अँपिअर. मशीन अजून एकदाही बंद पडलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, मिरज

ता. क. : अर्थिंगचं घरमालकांना सांगितलं तर म्हणाले, "सॉकेटला तीन भोकं आहेत की!" तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. मीटरबोर्डापर्यंत अर्थिंग होतं, तिथून हिरवी वायर मीच ओढली. केसिंगपट्टीसकट ३४० रुपये झाले. भाड्यातून वळते करायला ते तयार नाहीत.