आधी पाणी, मग अ‍ॅक्सोलॉटल: ग्लासगोच्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी आज एक अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, सरड्यासारख्या आकाराचा उभयचर प्राणी) सुखाने नांदत आहे, ते तुमच्यामुळे; हे चारचौघांत सांगावे म्हणून हे जाहीर पत्र. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममुळे मुलांना हा प्राणी ठाऊक होता, पण तो सांभाळायचा कसा, हे आम्हा सर्वांना तुम्ही शिकवलेत.

सर्वांत मोठे ऋण आहे ते आम्हांला थांबायला लावल्याचे. प्राणी आणण्याच्या कितीतरी आधी तुम्ही रिकामी टाकी सुरू करायला लावलीत, पाण्यात मोजून अमोनिया घालायला सांगितलात, आणि फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्या विषारी अमोनियाचे आधी विषारीच नायट्राइट व मग बरेच कमी घातक नायट्रेट कसे करतात, हे मुलांना टेस्ट किटच्या बदलत्या रंगांवरून समजावलेत. थंड पाण्यात हे जिवाणू सावकाश वाढतात. शिवाय लॉख कॅट्रिन या सरोवरातून ग्लासगोला येणारे पाणी इतके मृदू, की आम्लता वाढू न देणारे क्षार त्यात फारसे नसतात, म्हणून तेही तुम्ही तपासून घेतलेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत, मुलांनी कितीही विनवले तरी, तुम्ही होकार दिला नाहीत. त्या न दिलेल्या होकाराबद्दल मी विशेष कृतज्ञ आहे.

पाणी 16 ते 18 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवणे, क्लोरीन काढूनच ते टाकीत घालणे, घासाबरोबर खडे गिळले जातात म्हणून तळाशी खडी न घालणे, पापण्या नसलेल्या डोळ्यांसाठी अंधाऱ्या लपणजागा करणे, हे सारे तुमच्याकडूनच कळले. त्याची त्वचा नाजूक असल्याने त्याला हातात घ्यायचे नाही, हे आमच्या धाकटीला पटवणे मला अशक्य वाटले होते. तुम्ही तिला चिमट्याने गांडूळ भरवायला शिकवलेत आणि तिचा हट्ट आपोआप मावळला.

मेक्सिकोतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत हा जीव आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, हेही मुलांना तुम्हीच सांगितलेत. तो दहा-पंधरा वर्षे जगतो, तेव्हा मुले शिकायला बाहेर पडल्यावर त्याचे कोण करणार, असे तुम्ही आम्हा दोघांना बाजूला घेऊन विचारलेत. आम्ही करू, ताई.

आपले ऋणी,
ग्लासगोतील एक मराठी कुटुंब