डोंगल कुणाच्या खिशात?

प्रिय सुमे,

"तुमच्याकडं आता निम्म्या बाया सरपंच, मग अडतंय कुठं?" असं तू परवा विचारलंस आणि लगेच मीटिंगला पळालीस. उत्तर राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

अडतंय ते डिजिटल सही साठवलेल्या अंगठ्याएवढ्या डोंगलपाशी. हसू नकोस. वित्त आयोगाचे पैसे आता चेकनं निघत नाहीत. ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतीच्या पोर्टलवर बिल चढवायचं, ग्रामसेवक आणि सरपंच दोघांच्या डिजिटल सह्या झाल्या की पैसे थेट ठेकेदाराच्या खात्यात. सही म्हणजे डोंगल लावून पिन टाकायचा. 73व्या घटनादुरुस्तीनं 1993 साली बाईला खुर्ची मिळाली, 2011 मध्ये आपल्याकडं आरक्षण निम्म्यावर गेलं. पण आमच्या सरपंचबाईंचं डोंगल दोन वर्षं त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, बुलेटच्या किल्लीला लटकत होतं. गाडीचा आवाज आला की ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसलेली मी समजायचे, सरपंचांची सही आली.

आणि पिन मलाही पाठ होता. मालक शेतात असले की पोराच्या हाती डोंगल यायचं, "ताई, तेवढी सही मारून घ्या." मी मारलीय गं. तुलाच सांगतेय.

गेल्या महिन्यात सहीची मुदत संपली. नवीन काढताना व्हिडिओवर स्वतः माणूस दिसावा लागतो, तिथं नवरा चालत नाही. मागच्या वेळी मालक मोबाइलमागं उभं राहून उत्तरं पुटपुटत होते. यंदा त्यांना डेअरीला जायचं होतं. आत रेंज नाही म्हणून आम्ही दोघी पिंपळाच्या पारावर बसलो. मोबाइल नंबराच्या रकान्यात मी सवयीनं मालकांचा नंबर टाकायला लागले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. "माझा टाक." मग पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढली. स्वतःचा नंबर त्यांना पाठ नव्हता. आजवर मागितलाय कुणी? डोंगल आलं, पिन टाकायची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "तिकडं बघ." बघितलं बाई तिकडं.

पुढचं बिल गटाराचं होतं. सही करण्याआधी बाई टेप घेऊन गटारापाशी गेल्या, दुसरं टोक माझ्या हातात. बिल आठ दिवस अडकलं. ग्रामसेवक भाऊसाहेब माझ्यावर वैतागले, मालक तर बोलायचेच बंद झाले. मला मात्र ते आठ दिवस फार आवडले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बाया देशात 33 टक्के, पुरुष 57. हा फरक मला रोज टेबलासमोर दिसतो. लाडकी बहीणची ई-केवायसी निघाली तेव्हा बाईच्या आधारासोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधाराचाही ओटीपी मागत होते. पंधराशे रुपये बहिणीचे, ओटीपी दाजींच्या फोनवर! एकीचा नवरा बाहेर कट्ट्यावर बसून होता आणि आकडे सांगेना. घरचं भांडण माझ्या काउंटरवर मिटलं.

तू तिकडं वीस जणांची टीम हाकतेस, तुला हे खुळ्यासारखं वाटेल. पण खरं सांगू? माझ्या पगाराचा मेसेजसुद्धा अजून ह्यांच्याच फोनवर येतो. काल बँकेतून नंबर बदलायचा फॉर्म आणलाय. भरला नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.

तुझी,
मंदा