ऑनलाइन कोर्सला बसलेल्या आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमचा कोर्स मूडलवर आहे, म्हणून सगळं त्याच हिशोबाने लिहिते. मूडल ही ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी तयार केलेली, ऑनलाइन कोर्स चालवायची फुकट प्रणाली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली आली. प्रत्येक संस्था ती आपल्या सोयीने मांडते. त्यामुळे मी सांगितलेलं एखादं बटण तुमच्याकडे दिसलं नाही तर संस्थेने ते बंद ठेवलं असेल किंवा त्याला वेगळं नाव दिलं असेल. काही अडलं तर मदतही संस्थेकडेच मागायची, मूडलकडे नाही. तुमचं खातं संस्थेकडे असतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. काम करणं वेगळं आणि ते जमा होणं वेगळं. उत्तर लिहिलं, फाइल चढवली, पण शेवटचं बटण राहिलं, तर शिक्षकांपर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून पान बंद करण्याआधी त्यावर काय लिहून आलंय ते वाचायचं.

तुम्ही दोघं एकच लॅपटॉप वापरणार, तेव्हा पहिला घोळ इथेच व्हायचा. आईने लॉगआउट केलं नाही आणि बाबांनी तसंच काम सुरू केलं, तर बाबांची चाचणी आईच्या नावावर जमा होते. ती परत फिरवणं तुमच्या हातात नसतं. एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडूनही उपयोग नाही, दोन्हीकडे एकच माणूस लॉगिन असतो. ब्राउझरमध्ये दोघांची वेगवेगळी प्रोफाइल करून घ्या. तरीही काम सुरू करण्याआधी उजव्या कोपऱ्यातल्या गोलातली आद्याक्षरं कोणाची आहेत ते बघायचं.

लॉगिन झालं की डॅशबोर्ड, म्हणजे तुमच्या कामांचं मुख्य पान दिसतं. त्यावरच्या ‘टाइमलाइन’मध्ये जवळ आलेल्या तारखांची कामं असतात. पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. एक तर ज्या कामाला तारीखच नाही ते तिथे येत नाही, आणि वरचा फिल्टर बऱ्याचदा पुढच्या ७ दिवसांवर असतो. तो ‘ऑल’वर ठेवा. खरा नकाशा कोर्सच्या पानावर डावीकडे असतो. तिथे धड्यांची उभी यादी आणि नावांपुढे छोटी वर्तुळं दिसतील. रिकामं वर्तुळ म्हणजे बाकी, हिरवं म्हणजे झालं. यादी दिसत नसेल तर डाव्या कडेचं छोटं बटण दाबा, ती मिटलेली असते. काही वर्तुळं आपोआप हिरवी होतात, काहींसाठी ‘मार्क अ‍ॅज डन’ स्वतः दाबावं लागतं. पुढच्या धड्यावर कुलूप दिसलं तर त्याखाली कारण लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा मागचं एखादं वर्तुळ रिकामं राहिलेलं असतं.

मुदतीच्या वेळा नीट वाचा. ‘सोमवार, १२:०० एएम’ म्हणजे रविवारची रात्र संपली की मुदत संपली. सोमवारचा दिवस हातात राहत नाही. शिवाय मूडल या वेळा तुमच्या मूडलवरच्या प्रोफाइलमधल्या (ब्राउझरच्या नव्हे) टाइमझोनप्रमाणे दाखवतं. तोच चुकीचा असेल तर पानावरची वेळ आणि घड्याळ जुळत नाही. ‘एडिट प्रोफाइल’मध्ये जाऊन तो एकदा तपासून टाका.

आता क्विझ, म्हणजे चाचणी. सुरू करण्याआधीच्या पानावर किती वेळ आहे आणि किती वेळा देता येईल ते लिहिलेलं असतं. ‘स्टार्ट अटेम्प्ट’ दाबलं की घड्याळ सुरू होतं आणि मग थांबत नाही. नेट गेलं, लॅपटॉप बंद पडला, चहा उतू गेला, तरी नाही. पण घाबरून नवा प्रयत्न सुरू करायला जाऊ नका. पुन्हा लॉगिन केलं की ‘कंटिन्यू’ असं बटण येतं आणि नोंदलेली उत्तरं तिथेच असतात. मूडल अधूनमधून उत्तरं आपणहून जपतं, तरी पानावरचं ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जाणं जास्त भरवशाचं. ब्राउझरचा मागे जायचा बाण मात्र वापरायचा नाही. बाजूला प्रश्नांचे आकडे असलेले चौकोन असतात. उत्तर नोंदलं गेलं की चौकोनाचा खालचा भाग करडा होतो.

शेवटी ‘फिनिश अटेम्प्ट’ येतं आणि बरेच जण इथेच थांबतात. त्याने फक्त आढाव्याचं पान उघडतं. तिथे प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर नोंदलंय की नाही ते दिसतं. ते बघून ‘सबमिट ऑल अँड फिनिश’ दाबायचं, मग एक चौकट उघडते, तिच्यात परत तेच दाबायचं. तेव्हा कुठे चाचणी जमा होते. बाबा, एका शब्दात किंवा आकड्यात उत्तर लिहायचं असेल तिथे कीबोर्ड बघून घ्या. मराठी कीबोर्डवरचे अंक यंत्राला आकडे म्हणून कळतीलच असं नाही. इंग्रजी अंक टाका आणि विचारलं नसेल तर एकक जोडू नका.

असाइनमेंटमध्येही असंच आहे. ‘अ‍ॅड सबमिशन’ दाबून फाइल चौकटीत टाकायची आणि ‘सेव्ह चेंजेस’ करायचं. त्यानंतर जो तक्ता येतो त्याची पहिली ओळ वाचा. ‘सबमिटेड फॉर ग्रेडिंग’ असेल तर काम झालं. ‘ड्राफ्ट’ असेल तर ते पाकिटावर तिकीट लावून पाकीट टेबलावरच ठेवल्यासारखं आहे. ‘सबमिट असाइनमेंट’ दाबायचं राहिलंय. ते दाबल्यावर सहसा बदल करता येत नाही, म्हणून आधी फाइल एकदा उघडून बघायची. आई, तू वहीत लिहून फोटो काढणार असशील तर सुटे फोटो चढवू नकोस. काही फोन असा फोटो साठवतात की तो दुसऱ्या संगणकावर उघडतच नाही. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घे आणि फाइलच्या नावात तुझं नाव टाक. फाइल किती मोठी चालेल हे चौकटीच्या वरच लिहिलेलं असतं.

मुदतीच्या पुढे आणखी एक शेवटची तारीख असू शकते. मधल्या काळात काम उशिरा म्हणून स्वीकारतात, त्यानंतर बटणच नाहीसं होतं. ही दुसरी तारीख पानावर दिसेलच असं नाही, म्हणून तिच्या आशेवर राहू नका.

फोरममध्ये, म्हणजे कोर्समधल्या चर्चेच्या पानावर, लिहिलेलं साधारण ३० मिनिटं दुरुस्त करता येतं, मग नाही. एका प्रकारच्या फोरममध्ये आपण लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही, आणि लिहिल्यावरही तो दुरुस्तीचा वेळ संपेपर्यंत दिसत नाही. बिघाड समजून तेच उत्तर दोनदा टाकू नका. ईमेलचा पूर आला तर ‘फोरम प्रेफरन्सेस’मध्ये रोज एकच ईमेल येईल असं करता येतं. ‘अनाउन्समेंट्स’ मात्र वाचत जा, तारखा बदलल्याचं तिथेच कळतं.

गुणांच्या पानावर आडवी रेघ दिसली तर अजून तपासलं गेलेलं नाही, एवढंच. तो शून्य नव्हे.

मदतकेंद्राला लिहाल तेव्हा नुसतं ‘चालत नाही’ लिहिलंत तर उलट प्रश्नच येतील. कोर्सचं नाव, कोणतं काम, किती वाजता, कोणता ब्राउझर आणि पडद्यावर काय शब्द आले ते कळवा. विंडोजमध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकदम दाबून पडद्याचा तेवढाच भाग उचलता येतो. तो ईमेलमध्ये चिकटवायचा. पासवर्ड मात्र त्यांनी मागितला तरी द्यायचा नाही.

तुमची लेक