काकानू, तुमचा दोर अजून आमच्याकडेच आहे

काकानू,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं तिने कबूल केलंय. तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ह्यां काय आता" म्हणत उठून परड्यात जाता. सहा वर्षं हेच चाललंय. म्हणून या वेळी चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते बाकीच्यांनाही कळायला हवं.

कोजागिरीचा दुसरा दिवस होता. आम्ही चौघं सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीत दुपारी भरल्या पाण्यावर छोटी वल्ह्याची होडी घेऊन शिरलो. आमच्याकडे चांगले रॉड होते, ब्रेडची, म्हणजे विणलेल्या धाग्याची, लाईन होती, दोन डबे भरून ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, होती. भरती-सुकतीचं वेळापत्रक मात्र चौघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. आमच्यातल्या ठाण्याच्या मित्राला वाटत होतं की मुंबईकडे उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं, इथे त्याच्या निम्मंच, मग काळजी कशाला. कांदळवनातल्या एका अरुंद फाट्यात आम्ही आत आत जात राहिलो. मुळांच्या जाळीत ल्युअर फेकायचा, अडकला की होडी पुढे नेऊन सोडवायचा, पुन्हा फेकायचा. मासा एकही नाही. पाचच्या सुमारास होडी घासली आणि थांबली. मघाशी जिथे वल्हं पूर्ण बुडत होतं तिथे तिवराच्या मुळांची टोकं शेकड्यांनी वर आली होती. ढकलायला म्हणून एक मित्र खाली उतरला तो मांडीपर्यंत रुतला, आणि चिखलातल्या कालवांनी त्याचा तळपाय चिरला.

तेव्हा तुम्ही समोरच्या बांधावरून चालला होतात. खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, हातात सुंगटांची, कोळंबीची, पिशवी. आम्ही हाक मारायच्या आधी तुम्हीच ओरडलात, "उतरू नकात! कालवां कापतली!" तोवर एक पाय कापला गेला होता. तुम्ही बांधावरून, चिपीच्या मुळांवर पाय ठेवत, आम्हाला कधी दिसली नसती अशा वाटेने होडीपाशी आलात. आपल्या टॉवेलची पट्टी फाडून त्याचा पाय बांधलात. कमरेचा निळा दोर काढून होडी चिपीला बांधलीत. काळोखात भरती आत शिरली की होडी कुठेही ओढली जाईल, हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मग म्हणालात, "आता भरती येईसर थांबाचा लागतला," आणि आम्हाला सोडून घरी न जाता तिथेच बसलात.

नऊ वाजेपर्यंत, काकानू. साडेतीन तास. त्या दिवशी तुमचा पाग पुन्हा पाण्यात पडला नाही, म्हणजे तुमची संध्याकाळची कमाई गेली. हे आम्हाला त्या रात्री सुचलंच नाही, पुण्याला परतताना गाडीत सुचलं. मला तेव्हापासून ते बोचतंय.

त्या साडेतीन तासांत तुम्ही आम्हाला जे दिलंत ते आम्हाला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं. आधी पाऊणपटीचा हिशेब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. काल पुनव झाली, आज प्रतिपदा, म्हणजे एकाची पाऊणपट: पाऊण वाजता पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती. चतुर्थीला चाराची पाऊणपट, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता, आणि तेव्हा भांग, पाण्याला जोर नसतो. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण घरच्या कॅलेंडरवर तिथी दिसली की आता माझं मन आपोआप गुणाकार करतं. आम्ही पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उधाणात, उतरत्या पाण्यावर अरुंद फाट्यात शिरलो होतो. तुम्ही हे सांगताना एकदाही रागावला नाहीत. रागावला असतात तरी चाललं असतं.

मग अंधार पडता पडता तुम्ही व्हाळाच्या, त्या लहान ओढ्याच्या, तोंडाकडे बोट दाखवलंत. खाजणातलं शेवटचं पाणी तिथून खाडीत उतरत होतं. गढूळ पाण्याची एक पट्टी, तिच्याशेजारी खाडीचं नितळ पाणी, आणि मधल्या रेषेवर बारीक सुंगटं टुणटुण उडत होती. "आयकलात?" तुम्ही विचारलंत. आम्ही काहीच ऐकलं नव्हतं. मग पुन्हा आला तो आवाज, पाण्याने दार आपटल्यासारखा: डप्प. "तो चोणाक. दिसभर तुम्ही मुळांत मारीत होतात. मासो हयसर आसा. पाणी बघा आधी, गरी मगे."

आधी पाणी, मग गरी. आमच्या चौघांचं गरवणं त्या वाक्याने बदललं. सुकती लागली की खाजणातली सुंगटं आणि शेवट्या माशांची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात, आणि चोणाक, म्हणजे जिताडा, तोंड प्रवाहाकडे करून त्यांची वाट बघत उभा राहतो. त्याला पाठलाग करायचा नसतो. म्हणून आता आम्ही होडी लांब ठेवतो, ल्युअर व्हाळाच्या वरच्या अंगाला टाकतो आणि पाण्याला तो वाहू देतो. दोन हलके झटके, मग थांबायचं. चोणाक बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो. घाईने रील फिरवणाऱ्याला तो मिळत नाही, हे मी तीन वर्षं घाई करून शिकले. तांबोशीचं वेगळं. ती मुळांतून आणि खडकांतून येते, घेते आणि त्याच दमात परत मुळांत घुसते. तिथे ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळलेला नसेल तर लाईन गेलीच. चोणाकाच्या कल्ल्याची धार सुरीसारखी असते, हे सांगून तुम्ही पुढे जाड धागा बांधायला लावलात, तेव्हापासून आम्ही चाळीस-पन्नास पाउंडाचा लीडर वापरतो. तुम्ही आयुष्यात एकही ल्युअर फेकलेला नाही. तरी त्या डब्यांतला कुठला केव्हा चालेल हे तुम्हाला आमच्याआधी कळतं, कारण तुम्हाला मासा काय खातोय ते माहीत असतं.

त्या पहिल्या रात्री दहाला काकूंनी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. चार चिखलाने माखलेली अनोळखी माणसं, आणि काकूंनी आधी आमच्या पायांवर गरम पाणी ओतलं. त्यांचे आभार मी वेगळे मानणार आहे, प्रत्यक्ष, चुलीपाशी बसून.

त्याच्या पुढच्या वर्षी घडलेली एक गोष्टही लिहायची आहे. कांदळाच्या फांदीला आमच्या लाईनचा गुंता लटकत होता. तुम्ही होडी वळवलीत, तो कोयत्याने कापून काढलात आणि माझ्या हातात दिलात. "बाय, ही दोरी पाखरांच्या पायात अडाकता." बस, एवढंच बोललात. ब्रेडची लाईन कुजत नाही. बगळ्याच्या पायाला एकदा गुंडाळली की तो फांदीवरच संपतो. तेव्हापासून आमच्या होडीत एक पिशवी असते. आपली असो वा दुसऱ्याची, दिसलेली लाईन आम्ही काढून आणतो. ल्युअरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावले, त्यांचे उलटे काटे पक्कडीने चेपले. मासे थोडे जास्त सुटतात. सुटू देत.

आणि तो मोठा चोणाक. भाद्रपदातली सकाळ होती, पाणी अजून तांबूस. तुम्ही आम्हाला तुमच्या फाट्यात नेलं होतंत. त्या फाट्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, कुणी विचारलं तरी सांगणार नाही. खाडीत जागा हीच माणसाची शिल्लक असते. तुमच्या वडिलांनी तुम्हाला दाखवलेली ती जागा तुम्ही आम्हाला दाखवलीत, आम्ही कुणी तुमचे नसताना. तिथे दुसऱ्याच फेकीला रॉड वाकला आणि वीस मिनिटांनी चौऱ्याण्णव सेंटीमीटरचा मासा होडीच्या कडेला आला. नऊ-दहा किलो असेल. लिलावात त्याचे किती झाले असते ते तुम्हाला माहीत होतं, मलाही साधारण माहीत होतं.

मी म्हटलं, जागा तुमची, मासा तुमचा. तुम्ही म्हणाल तसं. आणि मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. चोणाक जन्माला येतात ते नर म्हणून. काही वर्षं नर राहतात, मग वाढता वाढता मादी होतात. म्हणून एवढा मोठा चोणाक बहुतेक वेळा मादीच असतो, आणि एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तिथे क्वीन्सलंडच्या खाड्यांत 58 सेंटीमीटरहून लहान आणि 120 हून मोठा ठेवू देत नाहीत. लहानांना एकदा वीण व्हावी म्हणून, मोठ्यांनी वीण चालू ठेवावी म्हणून. तुम्ही शांतपणे ऐकलंत. "मोठ्या चोणाकात गाबोळी असता, तां ठावक होता. आधी नर असता, तां नाय ठावक होता."

मग तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरलंत, तोंड प्रवाहाकडे. कल्ले हलायला लागेपर्यंत, शेपटीत जोर येईपर्यंत. आणि हात सैल करताना म्हणालात, "जा गो बाय, जा."

मला पहिल्या रात्रीपासून तुम्ही बाय म्हणता. तोच शब्द तुम्ही तिला दिलात. मी तोंड फिरवलं ते उन्हामुळे नव्हतं, काकानू.

शहरातून येऊन मासे सोडणारे आम्ही मोठे, असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि कधी वाटू नये. आमचं पोट खाडीवर नाही. आम्ही मासा सोडला तर एक फोटो उरतो. तुम्ही सोडलात तेव्हा बाजाराचा एक दिवस सोडलात. म्हणून त्या माशाबद्दलचे तुमचे आभार मी खाडीच्या वतीने मानते आहे, माझ्या वतीने नाही. जेवणापुरत्या तांबोश्या आम्ही ठेवतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. काकूंची तिरफळं घातलेली आमटी सोडणं मला जमणार नाही.

आता कामाचं. कार्तिकातल्या सप्तमीला आम्ही चौघं येतोय. पाऊणपटीने सव्वापाचला भरती, भांगाचं मंद पाणी, त्यामुळे या वेळी अडकणार नाही. ज्याचा पाय कापला होता तो मुलीला आणणार आहे. सात वर्षांची आहे. तिला ल्युअर देणार नाही, आधी व्हाळाच्या तोंडाशी बसवून आवाज ऐकवा, अशी त्याची विनंती आहे.

आणि तो निळा दोर. त्या रात्री चिपीवरून सोडला तो आमच्याच पिशवीत आला, आणि दरवेळी तुमच्याकडे येताना पुण्यात विसरला. या वेळी मी तो आधीच गाडीत ठेवलाय.

तुमची,
पुण्याची बाय, आणि तिघे