पत्रकारांशी बोलायला शिकवणाऱ्या ताईंना, एका पशुपालकाकडून

आदरणीय ताई,
सा. न.

हे आभार फोनवरही मानता आले असते. पण कुरणावर गुरं पाळणाऱ्या इतरांनाही तुमचं सांगणं कळावं, म्हणून जाहीर पत्र लिहितोय.

आयुष्यभर बातमीदारी करून निवृत्त झाल्यावर आमच्यात येऊन बसायचं तुम्हाला काहीच कारण नव्हतं. त्यातून आमच्यातल्या अनेकांच्या मनात पत्रकारांबद्दल अढी. 'आपली बाजू कोणी छापतच नाही' हे आमचं जुनं गाऱ्हाणं. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "फोन आला तेव्हा कोणी उचलला होता का?" बातमी संध्याकाळी जायची असते, आपण दोन दिवसांनी सवडीने बोलायला गेलो तर आपल्या वाटची जागा दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते, हे तोवर आम्हाला कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. माहिती हाताशी नसेल तर 'तासाभरात बघून सांगतो' म्हणायचं आणि तासाभरात खरोखर फोन करायचा, हा तुमचा नियम आता आमच्याकडे सगळे पाळतात.

पाण्याच्या प्रश्नावर तुम्ही आमच्याकडून जी तयारी करून घेतलीत, तिचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. एक किलो गोमांसामागे सुमारे 15,400 लिटर पाणी, हा आकडा जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत समोर येतो. त्यावर आमचं ठरलेलं उत्तर होतं, 'हे सगळं खोटं आहे.' तुम्ही म्हणालात, आकडा खोटा नाही, ती जगाची सरासरी आहे. त्यात कुठलं पाणी मोजलंय ते सांगा. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी म्हणजे गवतावर आणि चाऱ्याच्या पिकांवर पडलेला पाऊस. माळावरचा पाऊस गुरं नसती तरी पडलाच असता. पण एवढ्यावर थांबायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत. ज्याचा चारा विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर पिकतो त्याने ते स्वतःहून सांगायचं, कारण तिथे विचारणाऱ्याची शंका रास्त असते. अर्धंच सांगितलं की उरलेलं कोणीतरी शोधून काढतं, आणि मग आपल्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

मिथेन या वायूचंही तसंच. गुरांचा मिथेन मुख्यतः त्यांच्या ढेकरांतून निघतो, हवेत साधारण 12 वर्षं राहतो आणि त्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता अडवतो. माणसाच्या कामांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जगभरच्या पशुपालनाचा वाटा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये 14.5 टक्के धरला होता. 2023 च्या अंदाजात तो 12 टक्क्यांच्या आसपास आहे. हे आकडे तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलेत, आणि ते आवाज न चढवता सांगायला लावलेत. ते मान्य केल्यावर मग कुरणाला आलटून पालटून विश्रांती कशी देतो, चांगल्या प्रतीच्या चाऱ्याने काय फरक पडतो, हे लोक मनापासून ऐकतात.

आणि तो शिंगांचा दिवस. एका तरुण बातमीदार मुलीला लहान वासरांच्या शिंगांचे कोंब डागतात ते प्रत्यक्ष पाहायचं होतं. आमच्यात बहुतेकांचं मत 'नको' असंच होतं. तुम्ही म्हणालात, फाटक उघडा, आणि तिने विचारलं नाही तेही दाखवा. डॉक्टरांनी डोळ्याच्या मागून शिंगाकडे जाणाऱ्या हाडाच्या कडेखाली भुलीचं इंजेक्शन दिलं. मग सगळे थांबलो. कोंबाभोवती सुई टोचून वासरू हलत नाही याची खात्री केली, तेव्हा कुठे तापलेलं यंत्र टेकवलं. तिने विचारलं, "दुखतं का?" मी म्हणालो, भूल उतरल्यावर दुखतं, म्हणून वेदनाशामकही देतो. शिंगं ठेवली तर जनावरं एकमेकांना आणि माणसांनाही भोसकतात. जन्मतः बिनशिंगी वळू वापरले तर हे डागणंच टाळता येतं, आणि आम्ही हळूहळू तिकडे वळतोय.

हे सगळं छापून आलं. जळलेल्या केसांचा वासही आला. आमच्यातले काही जण त्या एका ओळीवरून नाराज झाले; मला विचाराल तर त्या ओळीमुळेच बाकीच्या लेखावर लोकांचा विश्वास बसला. मथळा बातमीदार देत नाही, तो बहुधा संपादकीय टेबलावर ठरतो, हेही तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून मथळ्यावरून कोणी तिच्याशी भांडलं नाही. मजकुरातली एक चूक तेवढी नम्रपणे कळवली आणि ती दुरुस्त झाली.

बाकी कितीतरी गोष्टी आहेत. आधी ठरलेलं नसेल तर बोललेला प्रत्येक शब्द छापण्यासाठीच आहे असं धरून चालायचं. आपापसातले धंद्याचे शब्द टाळायचे. बातमी नसेल तेव्हाही दुष्काळातली, विणीच्या हंगामातली रोजची कामं मोबाइलवर टिपून लोकांसमोर ठेवायची. आमच्या मुली हे काम आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात.

ताई, संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्ताने पत्रकारांचे प्रश्न वाढतील, आणि उत्तरं द्यायला या वेळी नवी पोरं पुढे येणार आहेत. तुमच्या सवडीने एकदा या, समोर बसवून त्यांना सगळे अवघड प्रश्न विचारा. आमच्या वेळी केलंत तसंच, अजिबात सूट न देता.

मनापासून आभार.

आपला,
एक पशुपालक