तुझा रोझेट फिकट का आला

पुणे, १० डिसेंबर

प्रिय नंदू,

तुझा रोझेट तेजोमेघाचा फोटो मिळाला. मोबाइलवर बरा दिसतो, पण लॅपटॉपवर उघडला की तीन गोष्टी खुपतात: चित्रभर तिरक्या पावसासारख्या रेघा, डाव्या कोपऱ्यात टिकलीएवढं काळं कडं आणि तपकिरी झालेले कोपरे. तू विचारलंस, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ. कोणतंच घेऊ नकोस, जे आहे ते पुरेसं आहे.

आधी फिकटपणा, म्हणजे वेळेचा हिशेब. तुझ्या ३० सेकंदांच्या ४० फ्रेम, म्हणजे सगळी मिळून २० मिनिटं. एकूण वेळ जितक्या पट वाढेल, त्याच्या वर्गमुळाइतका नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, दबतो. २० मिनिटांची ५ तास २० मिनिटं केलीस, तर वेळ १६ पट आणि सिग्नलच्या मानाने नॉइज चौथाई. शिवाय ड्युअल-बँड फिल्टर (फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारा) लावून ३० सेकंदांत पार्श्वभूमी इतकी काळी राहते की कॅमेऱ्याचा स्वतःचा रीड नॉइजच, म्हणजे सेन्सर वाचताना येणारी खरखरच, वरचढ होतो. १८० सेकंदांच्या १०७ फ्रेम घे, आयएसओ ८०० वर. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला दिसला की झालं. कॅमेरा मॉडिफाय करून घेतलास ते बरं केलंस. सेन्सरपुढच्या मूळ फिल्टरमधून ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फाचे, म्हणजे तेजोमेघाच्या लाल प्रकाशाचे, रुपयातले चार आणेच आत येतात.

वेळ मिळतो का? भरपूर. डिसेंबरअखेरीस जुन्नरहून रोझेट रात्री पावणेनऊच्या सुमारास क्षितिजापासून ३० अंशांवर येतो, पाऊणच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो आणि साधारण पावणेपाचपर्यंत ३० अंशांच्या वर टिकतो. मृगातल्या तांबड्या काक्षीपासून (बीटलज्यूस) प्रश्वाकडे (प्रोसिऑन) निघालास की साधारण साडेनऊ अंशांवर, शृंगाश्व तारकासमूहात. (आपल्याकडे मृग म्हटलं की लोकांना पेरणी आठवते. तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, तारे बघायचे तर थंडीतच.) रोझेटच्या मधला तारकागुच्छ इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडने १६९० साली पाहिला. भोवतीचा तेजोमेघ पुढे तुकड्यातुकड्यांनी दिसत गेला, म्हणून एकाच फुलाला एनजीसी या तारकागुच्छ-तेजोमेघांच्या यादीत २२३७, २२३८, २२४६ असे वेगवेगळे आकडे पडले.

१८० सेकंदांसाठी माउंटचा (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणाऱ्या यंत्राचा) अक्ष ध्रुवावर नीट साधावा लागेल. तुझ्याकडे ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे धुरक्यात, आणि खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत सरकलेला. उत्तर क्षितिज मोकळं असेल तिथेच ट्रायपॉड मांड. इतक्या कमी अक्षांशावर माउंटच्या दांडीवरचं तोल सांभाळणारं वजन ट्रायपॉडच्या पायावर आपटतं. मध्ये उंची वाढवणारं एक्स्टेन्शनचं नळकांडं घाल आणि अंधार पडायच्या आत माउंट हाताने फिरवून खात्री कर. तुझ्या २५० मिमीच्या दुर्बिणीवर एक पिक्सेल सुमारे ३.१ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) व्यापतो, त्यामुळे गायडिंगची, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरण्याची, चूक दीड विकलेच्या आत राहिली तरी तारे गोल येतील. एकच्या सुमारास, रोझेट पश्चिमेकडे झुकला की, माउंट उलटवायचा आहे, तेव्हा केबल अडकणार नाहीत एवढी ढील ठेव. फोकस बाहतिनोव मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावरच्या खाचांच्या झाकणाने), आणि पारा दोन-तीन अंश उतरला की पुन्हा. दवासाठी हीटरची पट्टी काच ओली व्हायच्या आधी चालू कर.

आता त्या रेघा. ध्रुव किंचित चुकला की तारे दर फ्रेमला थोडे थोडे एकाच दिशेने सरकतात. स्टॅक करताना, म्हणजे फ्रेम एकावर एक रचताना, तारे जुळतात, पण सेन्सरचे ठरलेले खराब पिक्सेल तेवढेच सरकत जातात आणि ओळीत मांडल्यासारखे दिसतात. उपाय डिदरिंगचा: दर दोन फ्रेमनंतर माउंट कुठल्याही दिशेला १०-१२ पिक्सेल हलवायचा. पीएचडी२ आणि निना ही सॉफ्टवेअर मिळून ते आपोआप करतात. डिदर असेल तर स्टॅक करतानाचं विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग (खालची-वरची मर्यादा ३ आणि ३) त्या पिक्सेलना वेचून काढतं. डार्क, म्हणजे झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या काढलेल्या काळ्या फ्रेम, २५ पुरतील, पण थंडीतच, आवरता आवरता घे. गाडीच्या उबेत काढलेले डार्क कामाचे नाहीत, तुझा सेन्सर कूल्ड नाही.

कडं म्हणजे धुळीची सावली. ते मी मोजलं: व्यास ६० पिक्सेल. ६० गुणिले ३.७ मायक्रॉन म्हणजे २२२ मायक्रॉन, त्याला दुर्बिणीच्या फोकल रेशोने, ४.९ ने, गुणलं की कणाचं सेन्सरपासूनचं अंतर सुमारे १.१ मिमी. म्हणजे कण सेन्सरच्या अगदी पुढच्या काचेवर आहे. हेच ६०० पिक्सेल असतं, तर ११ मिमीवरचा फिल्टर पुसायला सांगितलं असतं. ब्लोअर मार, आणि फ्लॅट, म्हणजे सावल्या आणि कोपऱ्यांचा काळोख पुसणाऱ्या सपाट उजेडाच्या फ्रेम, घेच. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बसव, वर एलईडी पॅनल ठेव, हिस्टोग्राम मध्यावर येईल असं एक्सपोजर लाव. ते एक सेकंदाच्या आसपास ठेव, फार लहान घेतलंस तर पॅनलच्या लुकलुकीने पट्टे येतात. फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा जराही न हलवता ३० फ्रेम. कॅमेरा काढून सकाळी घरी घेतलेले फ्लॅट फेकून द्यायचे.

फ्लॅट लावूनही कोपरे गडद राहिले तर फ्लॅटमधून बायस (झाकण लावून शून्य वेळेची काढलेली फ्रेम) वजा झालेला नाही. कोपरे उलट उजळले, तर लाइटमधून, म्हणजे रोझेटच्या फ्रेममधून, डार्क किंवा बायस गेलेला नाही. या दोन खुणा लक्षात ठेव, तासभर डोकेफोड वाचेल.

प्रोसेसिंग सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये. ड्युअल-बँडचं एक्स्ट्रॅक्शनचं स्क्रिप्ट चालवून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे कर. लाल पिक्सेल चौथाईच असल्यामुळे हायड्रोजन खरखरीत वाटेल, पण तो मुळात जोरकस आहे. ऑक्सिजन मधल्या पोकळीत, गुच्छाभोवती मिळेल. चंद्र असेल तर त्याच्या उजेडात ऑक्सिजनच आधी बुडतो, म्हणून ऑक्सिजनच्या रात्री अवसेच्या आगेमागे ठेव. स्टॅकच्या कडा कापून ग्राएक्सपर्ट या सॉफ्टवेअरने पार्श्वभूमीचा उजेड काढ, पण नमुन्याचा एकही बिंदू तेजोमेघावर ठेवू नकोस. तुझ्या चित्रात बाहेरची धूसर पाकळी गायब आहे, ती बहुधा इथेच खाल्ली गेली. मग लाल जागी हायड्रोजन, हिरव्या-निळ्या जागी ऑक्सिजन जोड, स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे बाजूला कर आणि सिरिलमधला सामान्यीकृत हायपरबोलिक स्ट्रेच (अंधुक भाग उजळणारा ताण) तीन-चार हलक्या हातांनी दे. एका दमात ताणलंस की मधला भाग जळतो. तारे शेवटी परत मिळव, थोडे दाबून. शार्पनिंगला हात लावू नकोस.

पुढच्या वेळी जेपेग नको. न ताणलेली फिट्स (खगोलचित्रांची मूळ) फाइल पाठव, सोबत एक कच्ची लाइट आणि एक कच्चा फ्लॅट.

तुझा,
सुधीर